पानाची कड आणि सहा मिनिटं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला नीट कळलाय का ते तुम्हालाही कळावं म्हणून आधी परत मांडते. वय 44, बँकेत नोकरी, ठाण्यात राहता. मान, खांदे आणि कंबर साडेतीन वर्षं दुखतेय. एमआरआयमध्ये वयाप्रमाणे थोडी झीज, रक्ताच्या तपासण्या ठीक, आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर जुनाट दुखण्याचा आजार, हे नाव मिळालं. कोणीतरी सुचवलं, निसर्गात बसून चित्रं काढा, मन शांत होईल, दुखणंही हलकं होईल. तुम्ही मंडलाचं, म्हणजे गोलाकार नक्षीत रंग भरायचं, पुस्तक आणि 48 रंगांची पेटी आणलीत. रविवारी उपवनच्या तळ्याकाठी दोन तास रंगवत बसलात, फार छान वाटलं, आणि पुढचे तीन दिवस मान धरली. आता तुम्ही विचारताय की यात खरंच काही आहे, की ‘दुखणं मनाचं आहे’ हे सांगायची ही सभ्य रीत आहे?

मी पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखण्यातही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, 21 वर्षं. जुनाट दुखण्याची माणसं हेच माझं मुख्य काम, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मी कागद-पेन्सिल देऊन झाडासमोर बसवते. म्हणजे मी या बाजूची आहे. तरीही तुमचा संशय मला रास्त वाटतो, म्हणून आधी त्याबद्दल.

दुखणं खरं आहे. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये व्याख्या सुधारली, तिचा मथितार्थ असा की दुखणं हा शरीराचा आणि भावनेचा मिळून येणारा त्रासदायक अनुभव आहे, आणि तो प्रत्यक्ष इजा असताना येतो तसा इजा नसतानाही येऊ शकतो. रुग्णांना मी हे गल्लीतल्या कुत्र्यावरून सांगते. गल्लीत एकदा खरंच चोर आला, कुत्रं भुंकलं, बरोबरच भुंकलं. पण त्यानंतर ते इतकं बिथरलं की पहाटे दूधवाला आला तरी भुंकतं, वाऱ्याने फाटक हललं तरी भुंकतं. भुंकणं खोटं नाही, सगळ्या गल्लीची झोप खरोखरच उडते. फक्त आता भुंकण्यावरून चोर आलाय की नाही ते ठरवता येत नाही. तीन महिन्यांवर टिकलेल्या दुखण्यात अनेकदा हेच होतं. मज्जासंस्थाच जास्त जागी राहायला शिकते. त्यात कमी झोप, बँकेतला मार्चअखेर, घरच्यांचं ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’, हे सगळं त्या कुत्र्याला दगड मारण्यासारखं.

मग चित्र काढून त्यात काय होणार? मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं की दुखण्याचे संदेश मेंदूपर्यंत सरळ तारेतून जावेत तसे जात नाहीत. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे, ते कमीजास्त उघडतं. मूल पडलं की आपण त्याचा गुडघा चोळतो, तेव्हा नकळत तेच फाटक लोटत असतो. आणि ते वरून, मेंदूकडूनही लोटता येतं. भीती आणि दुखण्यावरची सततची नजर यांनी ते सताड उघडतं, लक्ष दुसरीकडे निवांत गुंतलं तर थोडं मिटतं. पुढच्या संशोधनात या चित्रात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला.

यातला ‘निवांत’ हा शब्द महत्त्वाचा. मोबाईलवरही लक्ष गुंततंच की. पण मोबाईल लक्ष ओढून घेतो, आणि खाली ठेवला की दुखणं व्याजासकट परत येतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. झाडाचं तसं नाही. कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने निसर्ग आणि अवधान यांवर पुष्कळ काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की पानांची हालचाल, ढग, पाणी या गोष्टी लक्ष हलकेच धरतात, जोर लावावा लागत नाही आणि थकलेल्या लक्षाला तेवढी विश्रांती मिळते. रॉजर उलरिच या संशोधकांचा 1984 मधला अभ्यास या विषयात सगळेच सांगतात, मीही सांगते, कारण तो साधा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 जणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाल्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. एकच रुग्णालय, थोडी माणसं, आणि दुखणं ऑपरेशननंतरचं, जुनाट नव्हे. तेव्हा यावर फार मोठा इमला उभारू नये. पण खिडकीतून दिसतं तेवढंही कामाचं असतं, एवढं मी त्यातून घेते, आणि तुमच्यासाठी ते पुढे लागणार आहे.

चित्रकलेचंही तसंच. कलेतून उपचारांवर संशोधन करणाऱ्या गिरिजा कैमल यांनी अमेरिकेत 39 प्रौढांना 45 मिनिटं हवं ते करायला दिलं, चिकटचित्र, माती, मार्कर. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. 2016 मधला हा अभ्यास. आधी चित्रकला येत होती की नव्हती याने विशेष फरक पडला नाही, हे मला सगळ्यात आवडतं. पण ते निरोगी लोक होते. त्यांची 45 मिनिटं तुमची नव्हेत.

आता मुळावर येते. तुमचं कुठे चुकलं? चित्रात नाही, तळ्यातही नाही. दोन तासांत चुकलं, आणि मान खाली घालून बारीक खणात रंग भरण्यात चुकलं.

फायब्रोमायल्जियाच्या माणसाचं एक ठरलेलं चक्र असतं. चांगला दिवस उगवला की सगळं उरकून घ्यायचं, माळे आवरायचे, पुरणपोळ्या करायच्या, पडदे धुवायचे. मग तीन दिवस आडवं. उठलं की अपराधी वाटतं, म्हणून पुन्हा दुप्पट. तुमच्या रविवारी चित्रकलेनेही तेच केलं, फक्त माळ्याच्या जागी मंडल होतं. ‘छान वाटत होतं म्हणून थांबले नाही’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, या आजारात छान वाटणं हे थांबायचं कारण नाही आणि चालू ठेवायचंही नाही. थांबवायचं ते घड्याळाने.

माझ्याकडे आम्ही हे असं ठरवतो. तीन वेगवेगळ्या दिवशी तेच काम करायचं आणि दुखणं वाढायला लागलं असं वाटलं की वेळ लिहायची. समजा 6, 9 आणि 7 मिनिटं आली. सरासरी सव्वासात. त्यातला पाचवा भाग कमी करायचा, म्हणजे साधारण 6 मिनिटं. ही तुमची सुरुवात. मोबाईलला गजर लावायचा, तो दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि वाजला की ओळ अर्धी असली तरी पेन्सिल खाली. चांगल्या दिवशीही 6, वाईट दिवशीही 6, अगदीच वाईट असेल तर 3, पण शून्य शक्यतो नाही. चार-पाच दिवस सुरळीत गेले की एक मिनिट वाढवायचं. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ, कंबर नऊ वर्षं दुखणारे, मला म्हणाले होते, ‘मॅडम, सहा मिनिटांत तर माझा चष्मा पुसून होतो.’ मी म्हटलं, मग चष्मा पुसून झाला की थांबा.

आता काय काढायचं ते. मंडलाच्या पुस्तकांवर माझा राग नाही, पण तुमच्यासारख्या मानेला ती पुस्तकं अजिबात नकोत. खण बारीक, त्यामुळे पेन्सिल घट्ट धरली जाते, खांदा कानाकडे चढतो आणि नजर कागदावर खिळते. त्यात रेषेबाहेर रंग गेला की जीव चुकचुकतो. आधीच सगळं नीटनेटकं लागणाऱ्या माणसाला ही आणखी एक परीक्षा.

मी बहुतेकांना पहिल्यांदा पानाची कड काढायला सांगते, कागदाकडे न बघता. एक पान डोळ्यांच्या उंचीला धरायचं किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्याने लावायचं. मांडीवर उशी, उशीवर परीक्षेचं पॅड तिरकं, त्यावर कागद. जाड, मऊ पेन्सिल, 4 बी किंवा 6 बी, तिला जुना सुती रुमाल गुंडाळून रबरबँड लावायचा, म्हणजे बोटं आवळावी लागत नाहीत. मग डोळा देठापाशी ठेवायचा, पेन्सिल कागदाला टेकवायची, आणि एक मुंगी त्या कडेवरून चाललीये असं समजून डोळा आणि हात एकत्र, अगदी सावकाश पुढे न्यायचे. कडेचा दात आला की हात वळतो, किड्याने खाल्लेलं भोक आलं की तिथे थबकतो. कागदाकडे बघायचं नाही. संपल्यावर बघाल तेव्हा पान ओळखू येणार नाही, कोणाचंच येत नाही, माझंही 21 वर्षांनी बटाट्यासारखं येतं. हा प्रकार मी दोन कारणांसाठी धरलाय. चित्र वाकडंच येणार हे आधीच ठरल्यामुळे ‘मला चित्रकला येत नाही’ हे ओझं उतरतं. आणि नजर कागदावर नसल्यामुळे मान वर राहते. हे दुसरं कारण कलेच्या पुस्तकांत सहसा नसतं, पण माझ्या धंद्यात तेच मोठं.

मधेच दुखणं येईल. येणारच. तेव्हा काय करायचं हे आधी ठरलेलं बरं. पेन्सिल न उचलता थांबायचं, मनातल्या मनात नाव द्यायचं: पाठीत, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, ओढल्यासारखं. बूड जरा सरकवायचं, खांदा सोडायचा, आणि परत कडेवर, जिथे मुंगी थांबली होती तिथे. दुखणं हाकलायचं नाही, त्याला बसायला पाटही द्यायचा नाही. माइंडफुलनेस म्हणतात ते हेच, बाकी त्याभोवती घंटा आणि सुगंधी मेणबत्त्या बऱ्याच जमल्यात. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा सुरुवातीला त्यांच्याकडे येणाऱ्यांत जुनाट दुखण्याचीच माणसं बरीच होती, ज्यांना इतर उपचारांनी हवा तसा उतार पडला नव्हता. आज हा कार्यक्रम आठ आठवड्यांचा असतो. मीही आठ आठवडेच मागते. त्याआधी ‘होतंय-नाही होतंय’ ठरवायचं नाही.

श्वासावर लक्ष ठेवा, असं मी सुरुवातीला सांगत नाही. छाती-बरगड्यांत दुखणारी काही माणसं श्वासाकडे बघायला गेली की घाबरतात. पानाच्या कडेवर हात सावकाश गेला की श्वास बहुतेकदा आपोआप लांबतो, मग सांगायची गरजच उरत नाही.

दुसरा प्रकार सावलीचा, हात फार दुखत असतील तेव्हाचा. सकाळी कुंडीची सावली कागदावर पडेल असा कागद ठेवायचा आणि तिच्या कडेने बोट किंवा खडू फिरवायचा. पाचेक मिनिटांनी बघाल तर सावली रेषेतून निसटलेली असते. पुन्हा फिरवायचा. अर्ध्या तासात तीन वेळा दोन-दोन मिनिटं, मधल्या वेळात चहा.

तिसरा उभ्याने: गच्चीच्या भिंतीवर रुंद ब्रश आणि नुसतं पाणी. समोरच्या झाडाची फांदी खांद्यापासून हात हलवून काढायची, खांद्याच्या उंचीच्या वर नाही. ऊन असेल तर बघता बघता वाळून जातं. जपून ठेवण्यासारखं काही उरत नाही, आणि ज्यांना सगळं जपायची सवय आहे त्यांना हे आधी फार जड जातं.

पान-फुलांची मांडणीही करून घेते, पण जमिनीवर नाही. रांगोळी आपल्याला उकिडवं बसूनच येते आणि कंबरेची तिथेच वाट लागते. स्टीलचं मोठं ताट टेबलावर घ्यायचं आणि पडलेली पानं हिरव्याच्या छटांप्रमाणे लावायची. श्रावणात पत्री निवडताना आपल्या आज्या हेच करत होत्या, दूर्वा, आघाडा, बेल वेगवेगळे करताना. त्यांच्या हाताची ती संथ चाल आठवून बघा.

माझी एक चूक सांगते. अकरा वर्षांपूर्वी उत्साहाने मी सात जणींना टेकडीवर घेऊन गेले. फेब्रुवारी, पळस फुललेला, मी खूश. तासभर दगडांवर बसून चित्रं झाली, कौतुक झालं, आणि उठायची वेळ आली तेव्हा दोघींना उठताच येईना. एकीला गाजरगवताची ॲलर्जी होती, तिचे हात आणि मान दुसऱ्या दिवशी लाल. आणि उतरताना गुडघ्यांचं काय होतं हे तर मी, थेरपिस्ट असून, विचारातच घेतलं नव्हतं. तेव्हापासून ‘निसर्ग’ म्हणजे मी आधी खुर्ची बघते, मग सावली, मग स्वच्छतागृह किती लांब, आणि सगळ्यात शेवटी झाड. एम्प्रेस गार्डनमध्ये नेलं तरी पाठ असलेला बाक मिळेल याची खात्री करून.

त्यामुळे तुम्हाला येऊरच्या डोंगरावर जा असं मी म्हणणार नाही. रिक्षा, खड्डे, चढ, आणि तिथे पोचेपर्यंतच तुमची त्या दिवसाची ताकद संपलेली. तुमच्या गॅलरीसमोर सोनमोहोर आहे असं तुम्ही सहज लिहून गेलात. तोच तुमचा निसर्ग. उलरिचच्या रुग्णांना खिडकीतलं झाड चाललं, तुम्हालाही चालेल.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी पटकन सांगते. संधिवात असेल आणि सांधे सुजलेले, गरम असतील तर त्या दिवसांत पेन्सिल नको, नुसतं बघणं. मधुमेहाने पाय बधिर असतील तर ‘गवतावर अनवाणी चाला’ हा सल्ला धोकादायक आहे, काटा रुतलेला कळतही नाही. खूप नैराश्य असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर पान काढण्याच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ. आणि नवीन काही सुरू झालं, म्हणजे पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेपाशी बधिर झालं, ताप आणि वजन घटणं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, हे सगळं बाजूला ठेवून. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. चित्रं गोळ्यांच्या जागी नसतात. फायब्रोमायल्जियात हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हाच सगळ्यात भक्कम आधार, तोही चालूच ठेवायचा.

काही जणांना याने काहीच होत नाही, तेही सांगायला हवं. एका बाईंनी आठ आठवडे प्रामाणिकपणे केलं आणि म्हणाल्या, मला कंटाळा येतो हो, त्यापेक्षा मी भजनाला जाते. त्या भजनाला गेल्या आणि तिथे त्यांना बरं वाटलं. माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं.

आणि ‘बरं’ कसं मोजायचं? शून्य ते दहा किती दुखतंय हे रोज लिहायला मी आता सांगत नाही. रोज आकडा शोधायचा म्हणजे रोज त्या कुत्र्याच्या तोंडासमोर जाऊन उभं राहायचं. त्या एस.टी.वाल्या काकांचा आकडा आठ आठवड्यांत सातावरून सहावर आला, म्हणजे कागदावर काहीच नाही. पण ते सलग बसून नातवाला शाळेच्या वह्यांची कव्हरं घालून देऊ लागले, आणि रात्री दोनदाच्या ऐवजी एकदा उठू लागले. त्यांच्या वहीत एकाच उंबराच्या फांदीची चाळीसच्या वर चित्रं आहेत. पहिल्या दहांत नुसती पानं. कुठेतरी विसाव्या चित्राच्या पुढे खोडावर उंबरांचे घोस दिसायला लागतात. उंबर तर पहिल्या दिवसापासून तिथेच लगडलेले होते.

तेव्हा तुम्ही असं करा. 48 रंगांची पेटी भाचीला द्या. उद्या सकाळी बँकेत निघण्याआधी गॅलरीत पाठ टेकेल अशी खुर्ची घ्या, पायाखाली पाट. सोनमोहोराची तांबूस चपटी शेंग खाली पडलेली असेल, कोणाला तरी वर आणायला सांगा, तुम्ही वाकू नका. दोरीला चिमट्याने लावा. पहिले तीन दिवस वेळ मोजा, चौथ्या दिवसापासून गजर. दोन आठवड्यांनी मला लिहा. चित्र पाठवायची गरज नाही, मिनिटं कळवा.